जावयांच्या फळीवरची रिकामी जागा

फोटो दाखवायची वेळच चुकली. प्रबुद्धला घरी येऊन चार दिवस झाले होते. चार दिवस सगळ्यांनी मिळून जपलेली शांतता त्यानं रविवारी सकाळी साडेदहाला गच्चीवर मोडली, तीही बाबांच्या हातात चहाचा कप असताना.

जागा तशी चांगली निवडली होती. जयपूरच्या मानसरोवर वस्तीतल्या घरांच्या गच्च्यांवर डिसेंबरात जे ऊन पडतं, त्यात माणसाचं भांडायचं मन होत नाही. शेजारच्या गच्चीवर मूगडाळीच्या मंगोड्या वाळत होत्या. लांबून मेट्रो गेल्याचा आवाज आला की शामराव सवयीनं मनगटावरचं घड्याळ बघत. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षं झाली होती, पण गाडी वेळेवर आहे की नाही, ही जबाबदारी अजून त्यांचीच होती.

रत्नमालाबाई सतरंजीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी मलीवान, त्यांची थायलंडची सून, मांडी घालून तेच काम दुप्पट वेगानं करत होती. तिला मराठीचे चारच शब्द येत होते, जय भीम, आई, छान आणि थोडी थोडी. भाजी तिखट झाली का? थोडी थोडी. झोप लागली का? थोडी थोडी. विमान मंगळवारचं ना? थोडी थोडी. धाकटी सून अक्षदा हसून हसून बेजार व्हायची.

"आई, हे बघ आमचं म्युझियम," प्रबुद्धनं फोन पुढे केला. "म्हणजे गावाचं. सांभाळतो आम्ही दोघं."

फोटोत उंच लाकडी खांबांवरचं एक घर होतं. खाली मोकळ्या जागेत बैलगाडी, माग, बांबूच्या मासे धरायच्या टोपल्या, पायानं दाबून धान कांडायचं लांबलचक लाकूड. एक बसकं लाकडी जनावर होतं, तोंडातून लोखंडी दात बाहेर आलेला.

"हे काय रे?"

"ससा म्हणतात त्याला. त्याच्यावर बसून नारळ खवतात."

"म्हणजे विळीचीच बहीण." रत्नमालाबाईंना ससा आवडला. "अन् हे दारातलं?"

दारात एका छोट्या छपराखाली दोन माठ होते. वर करवंटीची पळी टांगलेली.

"पाणी. रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यानं प्यायचं. तिकडे जुन्या घरांसमोर असायचंच ते."

"कोणी पण?" हा प्रश्न शामरावांचा होता. ते इतका वेळ वर्तमानपत्राच्या आड होते.

"कोणी पण, बाबा. विचारायचं नाही, प्यायचं नि जायचं."

वर्तमानपत्राचं पान उलटलं गेलं. बापलेकात अकरा वर्षांत झालेलं हे सगळ्यांत लांब बोलणं होतं. प्रबुद्धला बहुधा त्याचाच धीर आला, आणि तो पुढचा फोटो दाखवून बसला.

पुढच्या फोटोत एक लांब फळी होती. तिच्यावर कोयता, ढोल, कुऱ्हाड, मधाचं पोळं काढायचं काहीतरी, अशा वस्तू ओळीनं होत्या. प्रत्येकीखाली माणसाचं नाव. टोकाला एक जागा रिकामी. तिच्याखाली थाई अक्षरांच्या शेजारी देवनागरीत लिहिलं होतं, प्रबुद्ध.

"ही जावयांची फळी. तिकडे लग्न झालं की मुलगाच मुलीच्या घरी राहायला जातो ना. मग बाहेरून आलेल्या प्रत्येक जावयानं आपल्या घरातली एक वस्तू आणायची. बापआज्यानं हातात धरलेली. माझी जागा अकरा वर्षं रिकामी आहे."

"मतलब तिकडे सगळेच घरजावई?" कौशिक ओरडला. तो धाकटा, विमा कंपनीत अधिकारी, जयपुरात जन्मलेला. त्याचं मराठी दर चार पावलांवर हिंदीच्या गल्लीत वळायचं. "दादा, मस्त सिस्टीम है यार. अक्षदा, तुझ्या माहेरी एखादी खोली?"

"हसू नका हो," अक्षदा हळूच म्हणाली. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं होतं.

'घरजावई' हा शब्द शामरावांच्या लेखी नुसता शब्द नव्हता. अख्ख्या जयपूरच्या बौद्ध मंडळींत त्यांचा मुलगा एकटा होता, जो बँकॉकला शिकायला गेला आणि भिक्खू झाला. चीवर घातलेला त्याचा फोटो शामरावांनी मोठा करून विहारात लावला होता. लोक येता-जाता "तुमचे भन्ते" म्हणत. आठ वर्षांनी भन्तेंनी चीवर उतरवलं आणि नान नावाच्या डोंगराळ मुलखातल्या एका मास्तरांच्या मुलीशी लग्न केलं, आणि तिच्याच घरी राहिले. तिकडे त्यात काही वावगं नसतं, पोरं चार महिने, चार वर्षं चीवर घालतात आणि संसाराला लागतात, हे प्रबुद्धनं फोनवर परोपरीनं सांगितलं होतं. "चीवर काय सदरा हाये? घातला, काढला?" एवढं बोलून शामरावांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन ते स्वतः विहारात गेले आणि फोटो उतरवून आले. त्यानंतर बापलेकाचं बोलणं रत्नमालाबाईंमार्फत चाले, जंक्शनवर डबे एका गाडीतून दुसऱ्या गाडीला जोडावेत तसं.

"मग तू काय न्यायचं म्हणतोस?" कौशिकनं विचारलं. "बापू बाजारातून एक कठपुतली उचल. बोल, दादाजी की है."

"नाही रे. नियम आहे. वर्षातून एकदा, भात घरात आल्यावर सगळ्या वस्तू खाली काढतात आणि वापरतात. कोयत्यानं कापायचं, ढोल वाजवायचा. जी वस्तू चालत नाही, किंवा जी चालवता येणारा कोणी उरला नाही, ती परत त्या घरी पाठवतात. म्युझियममध्ये मेलेली वस्तू ठेवायची नाही, असं मलीवानच्या वडिलांनी ठरवून दिलं. आणि पहिल्यांदा देताना देणाऱ्यानं ती वापरून दाखवायची, गावासमोर."

"बाबांचा सिग्नलचा कंदील?"

"तो रेल्वेचा," शामराव म्हणाले. "जमा केला."

"मग गावाकडचं, आजोबांचं काहीतरी..."

शामरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. एक, दोन, तीन. चौथी घडी बसेना तेव्हा ते मांडीखाली दाबलं.

"ज्ञानोबाचं काही नाही. माह्या बापानं छप्पन सालानंतर समदं टाकून देल्लं. काठी टाकली, घोंगडं टाकलं, घरातले देव पूर्णेत सोडले. टाकून देल्लं म्हणून तं तुम्ही आज खुर्चीवर बसून हायेत. तिच्या गावाजवळ जपण्यासारखं असन. ज्यायच्याजवळ हाये त्यायनं जपावं. आपला गाव जपण्यासारखा व्हता का?"

मलीवानला शब्द कळले नव्हते, पण तिची लसणाची बोटं थांबली.

"ठीक आहे बाबा," प्रबुद्ध म्हणाला. "जागा राहू दे तशीच."

त्यानं फोन खिशात टाकला. त्याचा हात खिसा चाचपत राहिला, ते रत्नमालाबाईंनी पाहिलं. दहावीचा निकाल घेऊन आला होता तेव्हाही असाच खिसा चाचपत उभा होता. मंगळवारी हा जाईल. अकरा वर्षांनी आला तो, आणि रिकाम्या हातानं गेला तर पुढच्या खेपेला का म्हणून येईल? आणि त्यांना पुढची अकरा वर्षं कोणी लिहून दिली होती?

त्या उठल्या. "भाकरी टाकायच्या हायेत," असं कोणाकडेही न बघता म्हणून जिना उतरल्या.

*

शामराव म्हणाले ते खरं होतं, फक्त पूर्ण खरं नव्हतं. ज्ञानोबांनी सगळं टाकलं, एक सोडून. आणि ते एक, खालच्या खोलीतल्या दिवाणात, रजयांच्या तळाशी, पिठाच्या जुन्या कापडी पिशवीत चौतीस वर्षं होतं.

सासरे शेवटची दोन वर्षं जयपूरलाच होते, तेव्हाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. अकोल्याकडे मीटरगेजच्या लाईनीवर गँगमन म्हणून त्यांचा जन्म गेला. पाठीत वाकलेले, बोलायचे कमी. एके दुपारी शामराव ड्युटीवर असताना त्यांनी आपली ट्रंक उघडली आणि सुतळीच्या जाळीत बसवलेला, पाणी न्यायचा तुंबा सुनेच्या ओटीत ठेवला. वाळवलेला दुधी भोपळा, आतून कोरलेला, पोटाशी काळपट तुकतुकीत झालेला. तोंडाला मक्याच्या कणसाचं बूच.

"शामले दाखवू नको," ते म्हणाले होते. "फोडन तो. त्यानं इचारलं तं सांगजो. नाही इचारलं तं राहू दे." आणि काय सांगायचं, तेही सांगितलं होतं.

शामरावांनी कधी विचारलं नाही. सासरे गेले, क्वार्टर सुटलं, मानसरोवरात घर झालं, दिवाण नवा आला. प्रत्येक वेळी रत्नमालाबाईंनी तुंबा असा हलवला, जसं दुसऱ्याचं झोपलेलं लेकरू हलवतात. नवऱ्यापासून त्यांनी आयुष्यात एवढी एकच गोष्ट लपवली. सुरुवातीला भीती होती, मग सवय झाली, आणि मग इतकी वर्षं झाली की आता सांगायचं तर आधी लपवलं का, तेच सांगावं लागलं असतं.

त्यांनी दिवाणाची फळी उचलली. गुडघा कटकन वाजला.

"सर्वांत खाली, डावीकडे आहे," मागून अक्षदा म्हणाली.

रत्नमालाबाई तशाच वाकलेल्या राहिल्या.

"रजया दर वर्षी उन्हात मीच घालते ना, आई. सहा वर्षं झाली. मला वाटलं, तुमचं काहीतरी खाजगी असेल."

"अन् तू बोलली नाही?"

"तुम्ही नाही बोललात, मग मी कशाला?" तिनं फळी धरली. "काढा. मी दाराशी उभी राहते."

दाराशी उभी राहायची गरजच पडली नाही, कारण दारात मलीवान आधीच उभी होती, सोललेल्या लसणाची वाटी हातात घेऊन. पिशवीतून निघालेली वस्तू पाहताच तिचा चेहरा उजळला.

"नाम ताओ!" तिनं तुंब्याचं आपल्या भाषेतलं नाव घेतलं, आणि वाटी दिवाणावर ठेवून दोन्ही हात पुढे केले.

रत्नमालाबाईंनी तुंबा दिला. का दिला, हे त्यांना मागाहूनही सांगता आलं नसतं. मलीवाननं तो कानाशी नेऊन टिचकी मारली. नाक लावून वास घेतला. जाळीची सैल गाठ तिच्या बोटांनी आपणहून शोधली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं कच्च्या तांदळाच्या दोन मुठी मागितल्या, शब्दाविनाच, नुसती मूठ मिटून. तांदूळ आत टाकले, थोडं पाणी टाकलं, तळव्यानं तोंड दाबलं आणि तुंबा हलवायला लागली.

खळळ, खळळ, खळळ.

रत्नमालाबाईंनी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. तुंबा असा धुतात, हे सासऱ्यांनी सांगायचं राहिलं होतं. नानच्या डोंगरातली ही पोरगी तो असा धूत होती, जणू याच घरात लहानाची मोठी झाली होती. चौथ्यांदा पाणी बदललं तेव्हा ते स्वच्छ निघालं. मग तिनं तुंबा भरून ताटात उभा केला आणि बोट दाखवलं. मानेखाली केसाएवढी चीर होती. तिच्यातून थेंब येत होता, टपकायला वेळ घेणारा, पण येत होता.

"नियम," अक्षदा पुटपुटली. "चालायला पाहिजे ना ती वस्तू."

आणि तेव्हा रत्नमालाबाईंना कळलं की जिन्यावरची पावलं केव्हाची थांबली आहेत.

शामराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. फोटोंच्या वेळी जसा चेहरा होता तसा तो नव्हता. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"तांदूळ टाकून कोण धुवून रायलं?"

अक्षदानं मलीवानकडे बोट केलं.

"माहा बाप धुवे असाच. दर इतवारी." ते पुढे आले नाहीत. "म्हणून उतरलो मी. आवाज आला म्हणून."

"अहो..."

"किती वर्षं हाये हा माह्या घरात?"

"चौतीस."

मागून प्रबुद्ध आणि कौशिकही उतरून आले होते, पण बाप दारात खांबासारखा उभा, म्हणून पॅसेजमध्येच अडकले.

"पाह्य रत्ना," शामराव म्हणाले. आवाज साधा होता, हजेरी घेतल्यासारखा. "तुले माहीत नाही हे काय हाये. मी दहा वर्षांचा व्हतो. बापाची भाकर घेऊन लाईनीवर गेलो. उन्हाचा पारा. गँगचा माठ झाडाखाली, आन् माहा बाप शंभर हात दूर, आपला तुंबा घेऊन बसेल. आम्ही बौद्ध झालो त्याले सहा वर्षं झाली व्हती, पण माठाले कोणी सांगितलं नव्हतं. मी गेलो नं माठात लोटा बुडवला. गँगच्या मुकादमानं, मेटनं, माठ फोडला. मेटच्या हातात बेलचा व्हता, लोखंडी फावडं. आन् मले मारलं कोणं? मेटनं नाही. बापानं. साऱ्या गँगसमोर."

"बाबा..." प्रबुद्ध म्हणाला.

"बेलचा माह्या अंगावर पडाच्या आधी आपला हात पडावा म्हणून मारलं. हे मले समजलं, पण लय मागून समजलं. मी स्वतः बाप झालो तवा. पण तो तुंबा नाही पाहवत मले. तो फळीवर ठेवसान, आन् खाली काय लिहिसान? याच्या आज्यानं यातून पाणी प्यायलं, कारण त्याले माठातलं कोणी पिऊ देत नव्हतं?"

नळ नीट बंद झाला नव्हता. मलीवाननं तो हात लांब करून बंद केला.

"तुम्ही कधी इचारलं नाही," रत्नमालाबाई म्हणाल्या. "मामाजी म्हणाले व्हते, शामनं इचारलं तं सांग."

"काय सांग?"

"बहात्तर साल. तुम्ही खांडव्याले नोकरीवर लागून गेल्ते." त्यांनी पदराला हात पुसले. जे सांगायचं ते पाठ होतं, चौतीस वर्षं पाठ होतं. "दुष्काळाचं साल. पाण्याचा टँकर लाईनीवर तिसऱ्या दिवशी येत व्हता. एक दिस आलाच नाही. गँगचा माठ सकाळीच कोरडा. चौदा माणसं, उघड्यावर, जेठ महिना. दुपारी दोनले मेट चालत आला मामाजीजवळ. काही बोलला नाही, नुसता बसला. मामाजींनं बूच काढलं नं तुंबा त्याच्या हातात देल्ला. वरून ओतला नाही, हातात देल्ला. चौदाही जणं त्याच तुंब्याले तोंड लावून प्यायले. मेट सगळ्यांत पहिले."

शामरावांनी ताटातल्या तुंब्याकडे पाहिलं.

"मामाजी म्हणाले, शामच्या डोक्यात तो माठ हाये. म्हणून मी हे टाकलं नाही. काठी टाकली, घोंगडं टाकलं. हे टाकण्यातलं नाही."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"त्यायनं?"

"त्यानं नाही तं नाही. तू?"

"भेत व्हते तुम्हाले," रत्नमालाबाई म्हणाल्या, "आन् मंग भ्याची सवय पडली."



शामराव दोन पावलं आत आले. त्यांनी ताटात उभा असलेला तुंबा उचलला नाही, फक्त वाकून चिरेकडे पाहिलं. नाकावरचा चष्मा कपाळावर केला आणि पुन्हा पाहिलं. थेंब लोंबत होता.

"लाख लावा लागते," ते म्हणाले. "पण ओल्यावर लाख बसत नाही. पाणी काढा. उन्हात ठेवा उलटा. तोंड खाली."

*

जेवताना शामरावांनी ठेच्याची वाटी मलीवानकडे सरकवली, तिनं बोटभर घेतला, भाकरीला लावून खाल्ला आणि डोळ्यांत पाणी येऊनही पुन्हा घेतला. ते पाहून शामरावांनीही पुन्हा घेतला. अक्षदानं रत्नमालाबाईंना कोपरानं ढोसलं.

चार वाजता ऊन गच्चीच्या कठड्याशी गेलं तेव्हा शामरावांनी खालून आवाज दिला, "लाख कोण आणते?"

"आत्ता मणिहारांच्या रस्त्याला, लाखेच्या बाजारात, जाऊन यायचं म्हणजे दीड तास, बाबा," कौशिक म्हणाला. "रविवारची ट्रॅफिक..."

रत्नमालाबाईंनी हातातली लाखेची बांगडी उतरवली. या शहरात एवढी वर्षं काढल्यावर हातात काचेसोबत एक लाखेची असतेच. हिरवी होती, गेल्या तीजेला घेतलेली.

"ही चालन?"

शामरावांनी बांगडी हातात घेऊन नखानं टोकरली. "चालन."

गॅसवर जुन्या सुरीचं पातं तापलं. बांगडीचा तुकडा पात्यावर ठेवला तसा तो मऊ पडला, चमकला, आणि घरभर तो गोडसर जळका वास पसरला. शामरावांनी चिरेवर लाख ओढली. वरून खाली, मग आडवी, मग ओल्या अंगठ्यानं दाब. अंगठा भाजला असणार, त्यांनी काही दाखवलं नाही.

"बापाचं पाहून पाहून येते," ते म्हणाले. ते कोणाला उद्देशून होतं कोण जाणे, पण प्रबुद्ध त्यांच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लावून, तुंबा धरून उभा होता. "लाख थंडी व्हऊ द्याची. घाई केली की सुटते. इकडून धर. इकडून नाही, अरे, हाताखालून."

"असं?"

"हां. असं."

अकरा वर्षांनी एवढंच. रत्नमालाबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना मध्ये बोलायचं नव्हतं. आता मध्ये डबे जोडायला कोणी लागत नव्हतं.

तुंबा भरला. मानेखाली हिरवी वळलेली रेघ होती, रस्त्यात उमटलेल्या चाकोरीसारखी. सगळे ताटाकडे बघत राहिले. अक्षदानं मनातल्या मनात शंभर मोजले, नंतर तिनं तसं सांगितलं. ताट कोरडं राहिलं.

प्रबुद्धनं हात पुढे केला, मग मागे घेतला. "बाबा, खाली काय लिहायचं ते तुम्ही सांगा. नाहीतर काही लिहीत नाही."

शामरावांनी तुंबा उचलला. त्यांनी तो कधीच तोंडाला लावला नव्हता. बाप प्यायचा, आणि ते नुसते बघत उभे असायचे. त्यांनी बूच काढलं आणि दोन घोट घेतले. थोडं पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर आलं. मग त्यांनी तुंबा प्रबुद्धकडे दिला. वर धरून ओतला नाही, हातात दिला.

"लिही," ते म्हणाले. "ज्ञानोबा, गँगमन. यातलं पाणी चौदा माणसं प्यायली. बस. अन् काचेत नाही ठेवाचा."

"तिथे काच नाहीच, बाबा."

"मंग फळीवर बी कायले? त्या माठाजवळ लटकव. वर्षभर रिकामा ठेवसान तं पुन्हा तडकन. त्याले पाणी लागते."

प्रबुद्धनं ते मलीवानला सांगितलं. तिनं मान डोलावली आणि तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलली.

"ती म्हणते, वडिलांनी ऐकलं असतं तर त्यांना पटलं असतं. पण जावयांच्या फळीवर नाव राहील माझं, आणि खाली बाण काढू, दाराकडे." तो थांबला. "पण पहिल्यांदा वापरून दाखवायला... म्हणजे गावासमोर... ते मी करीन. मला आता येतं, थोडंफार."

"तुले लाख लावता येते?"

"नाही."

"मंग?"

शामराव हात धुवायला गेले, धुवून आले, आणि जे बोलायचं ते प्रबुद्धशी न बोलता धाकट्याशी बोलले, "कौशिक, पासपोर्टले किती दिवस लागतात रे?"

कौशिकचं तोंड उघडं राहिलं. "तत्काळ में तो... बाबा, लवकर होईल. पण घाई काय आहे, भात तर पुढच्या वर्षी येणार. एक काढायचा?"

"मी एकटा जाऊन काय माह्या हातानं भाकर थापू तथी? दोन." मग बायकोकडे वळून, हजेरीच्याच आवाजात म्हणाले, "दिवाणात आणखी काय काय हाये?"

"रजया," रत्नमालाबाई म्हणाल्या. "आन् तुमचे दोन स्वेटर."

"बस?"

"बस."

त्यांनी क्षणभर विचार केला. मग आल्यापासून चार दिवसांत पहिल्यांदा ते थेट मोठ्या सुनेशी बोलले, तेही नाव घेऊन.

"मलीवान, तुह्या गावाले थंडी असते का?"

प्रबुद्ध भाषांतर करायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं आधीच सासऱ्यांकडे बघत उत्तर दिलं.

"थोडी थोडी," ती म्हणाली.

रत्नमालाबाई पिठाची रिकामी पिशवी झटकून स्वेटर काढायला आत गेल्या.